नोझोमी नागोयाला का थांबते?

ठाण्याहून आलेल्या काकांना मी तोक्योहून ओसाकाला नेत होतो. गाडी नोझोमी, म्हणजे तोकाइदो शिन्कान्सेन या जपानच्या तोक्यो-ओसाका बुलेट ट्रेन मार्गावरची सर्वांत जलद. थांब्यांची यादी पाहून त्यांनी विचारले, "जेमतेम अडीच तासांचा प्रवास, मग मध्ये चार ठिकाणी थांबते कशाला?"

ते चार थांबे म्हणजे शिनागावा, शिन-योकोहामा, नागोया आणि क्योतो. सोळा डब्यांच्या या गाडीत १,३२३ आसने असतात आणि ती सगळी केवळ ओसाकाला जाणाऱ्यांनी भरत नाहीत. नागोयाला जो उतरतो, त्याच्या जागी तिथेच क्योतोचा किंवा ओसाकाचा प्रवासी बसतो, त्यामुळे एकच आसन एका फेरीत दोनदा विकले जाते. त्याबदल्यात वेग कमी करणे, फलाटावर उभे राहणे आणि पुन्हा ताशी २८५ किलोमीटर गाठणे यांत चार-पाच मिनिटे जातात, एवढेच.

दुसरे कारण ठाणेकराला लगेच पटते. आपल्या जलद आणि धीम्या लोकलना वेगळे रूळ आहेत. इथे जायला एक आणि यायला एक, एवढेच. गर्दीच्या तासात एका दिशेने बारा नोझोमी सोडता येतात, त्या सगळ्यांचे थांबे सारखे असल्यामुळेच. त्यांच्यात एखादी विनाथांबा गाडी घुसवली, तर ती पुढच्या गाडीच्या मागे अडकेल किंवा तिच्यासाठी पुढची जागा रिकामी ठेवावी लागेल. मार्गावरच्या सर्व १७ स्थानकांवर थांबणाऱ्या बिचाऱ्या कोदामा या धीम्या गाडीला तर आताच जागोजागी बाजूच्या रुळावर उभे करून नोझोमींना वाट दिली जाते.

थांबे गाळण्याचा प्रयोग झालेला आहे. १९९२ मध्ये नोझोमी सुरू झाली तेव्हा ओसाकाची सकाळची कामाची वेळ गाठण्यासाठी तोक्योहून सहाला सुटणारी गाडी अडीच तासांत पोहोचवायची होती, म्हणून ती नागोया आणि क्योतो दोन्ही गाळून जात असे. नागोयाकरांना हा अपमान वाटला आणि 'नागोया-तोबाशी', म्हणजे नागोयाला वगळणे, हा शब्दच रूढ झाला. १९९७ मध्ये ती प्रथा बंद झाली. मी नागोयात राहतो, त्यामुळे या बाबतीत माझे मत निःपक्षपाती नाही. पण शिझुओका प्रांताचे दुःख मोठे आहे, हे मलाही मान्य करावे लागते. तिथे शिन्कान्सेनची सहा स्थानके आहेत आणि एकाही ठिकाणी नोझोमी थांबत नाही.

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्गही याच तंत्रावर उभा राहत आहे. ५०८ किलोमीटरवर बारा स्थानके, मोजके थांबे घेणाऱ्या आणि सगळीकडे थांबणाऱ्या अशा दोन प्रकारच्या गाड्या. हे सांगेपर्यंत क्योतो आले होते आणि काकांचा प्रश्नही बदलला होता: "मग त्यातली जलद गाडी ठाण्याला थांबणार ना?"