'आ' कर, टॉर्च आली!

सिंगापूरच्या बालवाडीत मूल सोडायचं म्हणजे आधी दारातली तपासणी. ताप बघतात, तळहात उलटेपालटे करून बघतात आणि मग 'आ' करायला लावून तोंडात टॉर्च मारतात. माझी लेक आता टीचर दिसली की न सांगता जबडा वासते. परवा लिफ्टमध्ये एका अनोळखी आजोबांसमोरही वासला! पुण्याहून आलेल्या सासूबाईंना हे फारच अती वाटलं. "विमानतळावरचे कस्टमवाले बरे," म्हणाल्या.

हा सगळा खटाटोप एचएफएमडीसाठी, म्हणजे हँड फूट अँड माउथ डिसीजसाठी. तळहात-तळपायांवर पुरळ, कधी ढुंगणावरही, आणि तोंडात फोड. आपल्याकडे पोरानं जेवण टाकलं की "तोंड आलंय, उष्णता झालीय" म्हणून विषय मिटतो. इथे तो मिटत नाही, कारण इथल्या लोकांनी २००० साल पाहिलंय. त्याआधी १९९७ मध्ये मलेशियातल्या सारावाकला आणि १९९८ मध्ये तैवानला याच आजाराच्या एन्टेरोव्हायरस ७१ या विषाणूची मोठी साथ आली होती. एकट्या तैवानमध्ये ७८ जण दगावले, बहुतेक चिमुकली मुलं. २००० मध्ये तोच विषाणू सिंगापुरात पसरला, इथेही काही मुलं गेली, आणि ऑक्टोबरात सरकारने देशभरातल्या बालवाड्यांना टाळं लावलं. एरवी हा आजार बहुतेकदा कॉक्सॅकी ए१६ सारख्या विषाणूंमुळे होतो आणि आठवडाभरात आपला आपण जातो. ७१ मात्र क्वचित मेंदूपर्यंत पोचतो. दारात टॉर्च मारून कुठला विषाणू आहे ते कुणाला कळणार? म्हणून फोड दिसला की मूल सरसकट घरी. मला हे पटतं.

आमच्या घरी तो आला तेव्हा हातापायांवर काहीच नव्हतं. नुसता ताप आणि लाळेची धार. फ्रॉकचा गळा सतत ओला. दुधाचा कप ओठाला लावला की एक घोट घ्यायची, मान वाकडी करून गिळायची आणि मग भोकाड. डॉक्टरांनी जीभ दाबून आम्हालाही दाखवलं: पडजिभेच्या आजूबाजूला, अगदी मागे, लाल कडांचे बारीक पांढुरके फोड. हिरड्या स्वच्छ. हे हर्पँजायना, त्याच विषाणूंच्या कुटुंबातलं. हिरड्या सुजून लाल झाल्या असत्या, रक्त येत असतं आणि फोड ओठांपर्यंत पुढे आले असते, तर हर्पीसचा संशय घेतला असता. त्यावर विषाणूविरोधी औषध असतं, पण ते पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू केलं तरच त्याचा उपयोग. हर्पँजायनाला तसलं काही नाही. अँटिबायोटिक मागूही नका, विषाणूवर ते चालत नाही.

मग उरलं काय, तर पाणी पोटात जाणं. खाणं चार दिवस कमी झालं तर चालतं, पाणी कमी झालं तर सलाइन लागतं. आम्ही सुई नसलेल्या सिरिंजने थोड्या थोड्या वेळाने गालाच्या कडेने पाणी सोडायचो. वजनाच्या हिशोबाने पॅरासिटामॉल द्यायचं आणि दुखणं जरा उतरलं की लगेच वाटी पुढे करायची. गार दही चाललं, आइस्क्रीम तर धावलंच. लिंबू, टोमॅटोचं सार, मीठ-मसाला काही नको.

आईने व्हिडिओ कॉलवर जाईची पानं चघळायला सांगितलं. तीन वर्षांच्या पोरीने, आणि इथे जाई आणू कुठून? मावशीचा मध-टंकणखाराचा लेप मात्र मी ठामपणे नाकारला. टंकणखार विषारी आहे, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधसुद्धा देत नाहीत. शेजारची चिनी आंटी बार्लीचं गार पाणी घेऊन आली. शरीरात 'हीटी' झालंय, हे 'कूलिंग' आहे, म्हणाली. सासूबाई आणि ती, एकमेकींची भाषा न येता, या निदानावर लगेच एकमत!

रजेचं दुखणं वेगळंच. मूल सिंगापूरचं नागरिक असेल तर आईबापांना प्रत्येकी वर्षाला सहा दिवस बालसंगोपन रजा, नसेल तर दोन. आमची लेक भारतीय पासपोर्टवाली. डॉक्टरांच्या एमसीवर, म्हणजे मेडिकल सर्टिफिकेटवर, लिहिलेले दिवस संपेपर्यंत बालवाडी आत घेत नाही, ते योग्यच, पण तेवढे दिवस घरी कोण बसणार याचं उत्तर टॉर्चवाल्यांकडे नसतं. सासूबाई होत्या म्हणून निभावलं.

घरात धाकटं कुणी असेल तर हात साबणाने धुवा. सॅनिटायझरने हा विषाणू नीट मरत नाही, आणि पुरळ गेल्यावरही कित्येक आठवडे शीतून बाहेर पडत राहतो, म्हणजे डायपर बदलल्यावर तर धुवाच. मूल आठ तास शू करेनासं झालं, सारखं ओकतंय, झोपेत दचकून हातपाय झटकतंय किंवा उठवूनही सुस्त आहे, तर टॉर्चबिर्च सोडा आणि थेट इस्पितळ गाठा.

आणखी एक. कधी कधी, विशेषतः कॉक्सॅकी ए६ असेल तर, बरं झाल्यावर महिन्याभराने बोटांची नखं मुळापासून सुटायला लागतात. दुखत नाहीत, खालून नवीन नख येत असतं. ओढून काढू नका. मोज्यात अडकत असेल तर तेवढंच टोक कापा.