जीपीआयबी कार्डाची डिफॉल्ट सेटिंग: कुठं हात घालायचा, कुठं नाही

बेळगावच्या उद्यमबाग-मच्छे औद्योगिक भागात एखाद्या टेस्टिंग बेंचवर जुना जीपीआयबी मीटर धडधाकट असेल तर तो मोडीत काढू नका. जीपीआयबी म्हणजे मोजमापाची उपकरणं पीसीतल्या कार्डाला जोडणारी केबलची सामाईक वाट, म्हणजे बस. ही बस १९७५ साली आयट्रिपलई ४८८ म्हणून प्रमाणित झाली आणि आजही चोख चालते. अडतं ते बहुतेक वेळा कार्डाच्या डिफॉल्टमध्ये.

कार्डाचा प्रायमरी पत्ता ०, सेकंडरी बंद, सिस्टिम कंट्रोलर (बसवर हुकूम कार्डाचा) चालू. एवढं असलं की पत्त्याचं काम झालं. उपकरणांना १ ते ३० मधले वेगवेगळे पत्ते द्या. एचपीचा ३४४०१ए मीटर कारखान्यातूनच २२ वर येतो. तसे दोन जोडायचे तर एकाचा पत्ता पॅनलवरून बदलावाच लागतो. मागं डिप स्विच (पत्ता ठरवणारे बारीक खटके) असलेली बरीच जुनी उपकरणं पत्ता चालू होतानाच वाचतात, म्हणून स्विच हलवल्यावर मीटर एकदा बंद-चालू करा.

खरी गोची टाइमआउटची, म्हणजे उत्तराची वाट किती वेळ बघायची त्याची. लिनक्स-जीपीआयबी या लिनक्सवरच्या ड्रायव्हरच्या नमुना कॉन्फिग फाइलीत तो ३ सेकंद असतो. आपल्याकडं ५० हर्ट्झ, म्हणजे एक पॉवर सायकल २० मिलिसेकंदांची. एक माप १०० सायकल घ्यायचं असं मीटरला लावलं की एका मापाला २ सेकंद, आणि ऑटोझीरो (प्रत्येक मापाबरोबर शून्यही मोजणं) चालू असेल तर ४. मीटर बरोबर, केबल बरोबर, तरी टाइमआउट! १० सेकंद ठेवा.

त्याच फाइलीत ओळ संपल्याची खूण १० हा बाइट धरलेली असते आणि वाचन तिथंच थांबतं. मजकुरासाठी ठीक आहे. पण ऑसिलोस्कोपच्या बायनरी वेव्हफॉर्ममध्ये १० हा बाइट कुठंही येतो, आणि डेटा मध्येच तुटतो. तुलना सात बिटांची असेल तर १३८ सुद्धा १० समजला जातो. बायनरीसाठी ही खूण बंद करून फक्त ईओआय वर (शेवटच्या बाइटबरोबर वेगळ्या तारेवर येणारा 'संपलं'चा इशारा) विसंबा. मात्र हे डिफॉल्टमध्ये बदलू नका, त्या उपकरणापुरतं प्रोग्राममध्ये बदला. नाहीतर त्याच पीसीवरचा दुसऱ्याचा चालता प्रोग्राम बिघडतो आणि तो बिचारा केबल बदलत बसतो. फाइल बदलल्यावर रूट म्हणून जीपीआयबी-कॉन्फिग (फाइलीतली सेटिंग कार्डाला लावणारा प्रोग्राम) चालवायला विसरू नका.

केबल: उपकरणामागं २ मीटर, एकूण २० मीटरच्या आत. कार्ड धरून १५ उपकरणं, त्यातली किमान दोन तृतीयांश चालू हवीत. जुनी उपकरणं किंवा लांब केबल असेल तर बस टायमिंग (बाइट तारांवर ठेवल्यावर तो स्थिर होईपर्यंत थांबायचा वेळ) २ मायक्रोसेकंदांवर न्या. वेग थोडा कमी होईल, चालतंय.

आणि आपल्याकडचा नेहमीचा घोळ: पीसी यूपीएसवर, मीटर थेट भिंतीवर. करंट जाऊन आला की मीटर स्वतःच्या सुरुवातीच्या सेटिंगवर परततो, प्रोग्रामला मात्र त्याची खबरच नसते. कार्डाचं डिफॉल्ट इथं काही करू शकत नाही. मीटर यूपीएसवर घ्या, किंवा प्रत्येक मापाच्या फेरीआधी रेंज आणि सायकल पुन्हा पाठवा.