स्क्रीनवर आजची उधारी, कागदावर मार्चची

गोव्यात डिचोलीतल्या एका घाऊक किराणा दुकानाचं बिलिंग एका संगणकावरून चार संगणकांवर न्यायचं होतं. प्रोग्राम जुना, ३२ बिटचा. डेटाबेस, म्हणजे सगळी माहिती साठवणारी फाइल, मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसचा आणि छापायचे रिपोर्ट क्रिस्टल रिपोर्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेले. फोल्डर शेअर केला, प्रत्येक संगणकावरच्या आयएनआय फाइलमध्ये (प्रोग्रामच्या सेटिंगची फाइल) डेटाबेसचा नवा पाथ, म्हणजे तो कुठे ठेवला आहे तो पत्ता, घातला, बिलं सगळीकडून एकाच जागी जमू लागली. इथवर काही त्रास नाही. त्रास रिपोर्टने दिला, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही, कारण या दोषात कसलाही एरर येत नाही. स्क्रीनवर गिऱ्हाइकाची आजची बाकी बरोबर दिसते आणि प्रिंट दाबलं की कागदावर मार्चअखेरची बाकी उतरते. मांडणी नीट, बेरीज नीट, वर तारीखही आजची. असा उतारा घेऊन वसुलीचा माणूस वाळपईला गेला की भांडणच.

प्रोग्राम विकणाऱ्यांच्या हेल्पलाइनवर दर वेळी एकच उत्तर मिळालं: तुमचं नेटवर्क तपासा. पण नेटवर्क तुटलं तर फाइल उघडतच नाही, ती जुने आकडे दाखवत नाही. जुने आकडे आले याचा अर्थ जुनी फाइल कुठेतरी उघडते आहे. एवढं जरी त्यांनी सांगितलं असतं तर काम लवकर उरकलं असतं.

कारण असं आहे. आरपीटी फाइल, म्हणजे क्रिस्टलमधल्या रिपोर्टची फाइल, डेटाबेसचा पाथ स्वतःजवळ साठवून ठेवते. रिपोर्ट उघडताना प्रोग्रामने कोडमधून नवा पाथ दिला तर ठीक, नाहीतर रिपोर्ट बनवताना जो पाथ होता तोच चालू राहतो. आयएनआय बदलल्याने स्क्रीन बदलतात, रिपोर्ट नाही. त्यात प्रोग्राम नव्या संगणकावर टाकताना बहुतेक जण अख्खा फोल्डर कॉपी करतात, म्हणजे जुना डेटाबेसही त्याच जुन्या पाथवर (इथे डी ड्राइव्हवर) जसाच्या तसा पोचतो. रिपोर्टला तो सापडतो आणि तो गपचूप छापतो.

म्हणून रिपोर्टचा पाथ बदलायच्या आधी जुन्या डेटाबेसच्या प्रतीचं नाव बदला. पुसू नका, फक्त नाव बदला, आणि हे प्रत्येक संगणकावर करा. मग तोच रिपोर्ट उघडा. आता फाइल सापडत नाही किंवा लॉगऑन फेल झालं असा संदेश आला तर चोर सापडला.

त्यानंतर आरपीटीची एक प्रत बाजूला ठेवून मूळ फाइल क्रिस्टलच्या डिझायनरमध्ये उघडा. डेटाबेस मेनूत ‘सेट डेटासोर्स लोकेशन’ आहे. वरच्या चौकटीत सध्याचं कनेक्शन दिसतं, खालच्या चौकटीत नवं कनेक्शन तयार करायचं, दोन्ही निवडून अपडेट दाबायचं आणि फाइल सेव्ह करायची. इथे बरेच जण थांबतात आणि पुन्हा अडकतात. रिपोर्टमध्ये सबरिपोर्ट (रिपोर्टच्या आत बसवलेला दुसरा रिपोर्ट) असेल तर तो त्याच यादीत खाली वेगळा दिसतो आणि त्याचा पाथ वेगळा बदलावा लागतो. खातेउताऱ्यात वरची नावं-पत्ते नवे आणि खालची येणेबाकी जुनी असं दिसलं की सबरिपोर्टच बघायचा.

हे सगळं करूनही एक रिपोर्ट जुनेच आकडे देत राहिला तर फाइल मेनूत ‘सेव्ह डेटा विथ रिपोर्ट’ला टिक आहे का बघा. ती टिक असेल तर रिपोर्ट सेव्ह करतानाचे आकडे फाइलमध्येच राहतात, आणि रीफ्रेश होईपर्यंत डेटाबेसकडे तो बघतही नाही. टिक काढून पुन्हा सेव्ह करायचं. हे शोधायला सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण पाथ बरोबर दिसत असतो.

रिपोर्ट डीएसएनमधून (विंडोजमध्ये नाव देऊन साठवलेली डेटाबेसची जोडणी) जोडलेला असेल तर पाथ आरपीटीत नसून ओडीबीसीच्या, म्हणजे विंडोजच्या डेटाबेस जोडणाऱ्या सोयीच्या, सेटिंगमध्ये असतो. प्रोग्राम ३२ बिटचा असेल तर ६४ बिटच्या विंडोजवरसुद्धा ३२ बिटचंच ओडीबीसी ॲडमिनिस्ट्रेटर उघडा. ते ‘सिसवाऊ६४’ नावाच्या फोल्डरमध्ये असतं, नावावर जाऊ नका. डीएसएन सिस्टम प्रकारचा करा, यूजर प्रकारचा केला तर दुसऱ्या लॉगिनला तो दिसत नाही.

तपासणीसाठी एका काउंटरवरून १ रुपयाची नोंद करा आणि बाकीच्या सगळ्या संगणकांवरून प्रत्येक रिपोर्ट छापून बघा. तो रुपया प्रत्येक कागदावर दिसलाच पाहिजे. मग नोंद रद्द करा.

आयएनआय फाइलबद्दल एक राहिलं. प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये असेल तर जुन्या ३२ बिट प्रोग्रामचं तिथलं लिखाण विंडोज त्या यूजरच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ फोल्डरमध्ये वळवते. मग तुम्ही मूळ फाइल बदलता आणि प्रोग्राम दुसरीच वाचतो. एकाच संगणकावर मालकाच्या लॉगिनला एक आणि नोकराच्या लॉगिनला दुसरं दिसत असेल तर हेच कारण. असा प्रोग्राम सरळ सी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये टाकावा.

पाथमध्ये झेड ड्राइव्ह वगैरे अक्षर देऊ नका, हे मी आता आग्रहाने सांगतो. ते अक्षर त्या लॉगिनपुरतं असतं. प्रोग्राम ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने चालवला तर एक्सप्लोररमध्ये दिसणारा झेड त्याला सहसा दिसत नाही, आणि रात्रीच्या आपोआप बॅकअपचंही तेच होतं. पूर्ण पाथ द्या: दोन उलटे स्लॅश, संगणकाचं नाव, एक उलटा स्लॅश, शेअरचं नाव. म्हणजे \\हिशेब\डेटा असा, फक्त प्रत्यक्षात रोमन अक्षरांत. फोल्डरला देवनागरी नाव दिलं तर जुने प्रोग्राम त्या जागी प्रश्नचिन्हं दाखवतात. आयपी क्रमांकही नको. पावसात आपल्याकडे दिवे जातात, राउटर बंद-चालू होतो आणि क्रमांक बदलू शकतो.

ॲक्सेस डेटाबेस उघडला की शेजारी लॉक फाइल (डेटाबेस कोण वापरतंय याची नोंद ठेवणारी) तयार होते आणि सगळे बाहेर पडल्यावर ती पुसली जाते. त्यामुळे वापरणाऱ्यांना फोल्डरवर मॉडिफाय परवानगी लागते, फक्त फाइलवर देऊन चालत नाही. शेअरिंग टॅबमधली परवानगी आणि सिक्युरिटी टॅबमधली परवानगी या दोन वेगळ्या आहेत, त्यातली जी कडक तीच लागू होते.

नवा संगणक विंडोज ११ प्रोच्या २०२४ मधल्या २४एच२ आवृत्तीचा असेल तर बिनपासवर्डचा शेअर त्यावर उघडणार नाही, गेस्ट प्रवेश मुळातच बंद असतो. तो जबरदस्तीने चालू करण्यापेक्षा डेटाच्या संगणकावर पासवर्डसह एक साधं लोकल खातं करा आणि बाकीच्यांच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोजची पासवर्ड साठवायची जागा) ते संगणकाच्या नावानिशी साठवा. नेटवर्क प्रोफाइल प्रायव्हेट ठेवा.

ॲक्सेससाठी वायफाय वापरू नका, केबलच टाका. लिहिताना जोडणी तुटली की फाइल बिघडू शकते. डेटाच्या संगणकाला यूपीएस हवा आणि त्याचा स्लीप मोड बंद हवा. चवथीच्या सुट्टीनंतर दुकान उघडताना तोच आधी चालू करायचा, बाकीचे नंतर. फाइलची मर्यादा २ जीबी आहे, तेव्हा महिन्यातून एकदा सगळ्यांना प्रोग्राममधून बाहेर काढून, प्रत घेऊन, ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ (फाइल आटोपशीर आणि दुरुस्त करायची ॲक्सेसची सोय) करा. बाहेर काढलं याची खात्री लॉक फाइल नाहीशी झाली का यावरून करायची. कोणी ‘मी बंद केलंय’ म्हटल्यावरून नाही.