जळक्या तेलावर ट्रॅक्स: पुणे–महाबळेश्वर–रत्नागिरी, ऐन थंडीत

पसरणी घाटानं महाबळेश्वर, तिथून आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, पुढे चिपळूण आणि रत्नागिरी. अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. चढ, थंडी, लांबलचक उतार आणि कोकणातला दमटपणा असं सगळं या एकाच रस्त्यावर भेटतं. वापरलेल्या खाद्यतेलावर गाडी चालवायची तर प्रत्येक अडचण शेवटी तापमानापाशी येऊन थांबते, म्हणून हा मार्ग चांगली परीक्षा घेतो.

गाडी जुनी टेम्पो ट्रॅक्स, 2.4 लिटरचं ओएम 616 इंजिन. मर्सिडीज 240 डीमध्ये हेच इंजिन होतं आणि अमेरिकेत वापरलेल्या तेलावर गाडी चालवणाऱ्यांची ती लाडकी गाडी. इंधन आधी प्रीचेंबरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या तोंडाशी असलेल्या छोट्या कप्प्यात पेटतं आणि इनलाइन पंप (प्रत्येक सिलिंडरला वेगळा दट्ट्या असलेला) घट्ट तेल सोसतो, ही त्यामागची कारणं. सीआरडीआय, म्हणजे अतिउच्च दाबानं इंधन फवारणाऱ्या नव्या डिझेल गाडीच्या वाटेला जाऊच नका. रोटरी पंपात (एकाच फिरत्या भागातून सगळ्या सिलिंडरांना इंधन देणाऱ्या) गार तेल गेलं तर पंप जाम होऊ शकतो, आणि त्याची दुरुस्ती वाचलेल्या डिझेलपेक्षा महाग पडते.

निघण्याआधी कागद बघा. इंधन बदलायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. विम्याचंही विचारून घ्या. तळणीला रोज 50 लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्या हॉटेलांना नोंदी ठेवून जुनं तेल अधिकृत संकलकालाच द्यावं लागतं. त्यांच्याकडे कॅन घेऊन जाण्यात अर्थ नाही.

थंडीसाठी शेंगदाणा, सूर्यफूल किंवा सोयाबीनचं तेल मागा. वडापाव-फरसाणवाल्यांकडे बहुधा पामतेल असतं. ते पुण्यात पातळ दिसलं तरी महाबळेश्वरात रात्रीतून थिजतं. वनस्पती तूप किंवा मटणाची चरबी मिसळलेलं तेल नकोच. तेल 60 अंशांपर्यंत तापवून आठवडाभर निवळू द्या, वरचं काढून घ्या, आधी फडक्यातून आणि मग 5 व 1 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. तवा चांगला तापवून दोन थेंब टाका. चरचरलं, बुडबुडे आले, की पाणी आहे; पुन्हा निवळायला ठेवा. पाण्यानं पंप गंजतो.

गाडी डिझेलवर सुरू करायची, तेल तापलं की त्यावर जायचं आणि थांबण्याआधी पुन्हा डिझेलवर यायचं, म्हणून टाक्या दोन. तेलाची ही दुसरी टाकी स्टेनलेस स्टीलची, 40 लिटरची. जस्ताच्या पत्र्याशी तेलातलं आम्ल साबण करतं आणि फिल्टर बुजतो. तांब्याच्या नळीनं तेल लवकर चिकट होतं. रेडिएटरचं गरम पाणी आधी प्लेट हीट एक्स्चेंजरला (पत्र्यांच्या थरांतून पाण्याची उष्णता तेलाला देणाऱ्या डब्याला), मग फिल्टरला, शेवटी टाकीतल्या कॉइलला द्या, कारण पंपात शिरणारं तेल सगळ्यात गरम हवं. एक्स्चेंजरनंतर तापमापक बसवा. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये व्हॅक्यूम गेज, म्हणजे पंपाला तेल किती जोरानं ओढावं लागतंय ते दाखवणारा काटा. रबरी नळ्या व्हायटनच्या. साध्या फुगून पाझरतात.

व्हॉल्व्ह दोन वेगळे ठेवा, एक पुरवठ्याचा, एक रिटर्नचा, म्हणजे पंपातून उरलेलं इंधन टाकीत परत नेणाऱ्या नळीचा. डिझेलवर येताना दोन्ही एकदम फिरले तर नळीतलं उरलेलं तेल दर वेळी डिझेलच्या टाकीत जातं आणि काही दिवसांनी तिथंही भेसळ होते. आधी पुरवठा डिझेलवर घ्या, अर्धा मिनिट थांबा, मग रिटर्न फिरवा. जास्त रेंगाळलात तर डिझेल तेलाच्या टाकीत जाऊन ती वाहील.

पुण्यातून डिझेलवरच निघायचं. डॅशबोर्डवरचा काटा इंजिनच्या पाण्याचा असतो, त्यावर जाऊ नका. एक्स्चेंजरनंतर 70 अंश दिसले की तेलावर या. थंडीच्या सकाळी त्याला खेड शिवापूर येतं. सुरूर फाट्यावरून वाईकडे वळून पसरणी चढताना तेल सगळ्यात स्वच्छ जळतं, कारण इंजिनावर भार असतो. ताकद किंचित कमी वाटते, आणि मागच्या गाडीवाल्याला भज्यांचा वास येतो. पाचगणीच्या बाजारात गर्दीत रखडलात तर डिझेलवर जा. भार नसताना नुसत्या फिरणाऱ्या इंजिनात इंधन फवारणारा नोझल गार पडतो आणि टोकाला काजळीचा खडा धरतो.

मुक्कामाच्या दोन-तीन किलोमीटर आधीच डिझेलवर या. विसरलात तर सकाळी पंपात थिजलेलं तेल असेल आणि स्टार्टर बॅटरी खाऊन टाकेल.

आंबेनळी अख्खा डिझेलवर उतरा. पाय ॲक्सिलरेटरवर नसतो, इंजिन गार होतं आणि वळणावर थोडं पेडल दिलं की अर्धवट जळलेलं तेल पिस्टनच्या रिंगांवर बसतं. या घाटात तेल वाचवण्याचा मोह महागात पडतो. पोलादपूरला हायवे लागला आणि एक्स्चेंजरनंतरचा तापमापक पुन्हा 70 वर आला की तेल.

चिपळूणच्या पुढं व्हॅक्यूम गेजकडे लक्ष ठेवा. काटा नेहमीपेक्षा वर सरकू लागला की फिल्टर भरत आलाय. गाडी धापा टाकेपर्यंत थांबू नका. आधी डिझेलवर जा, मग गाडी उभी करा. नव्या फिल्टरमध्ये डिझेल भरूनच बसवा, म्हणजे हवा काढत बसावं लागत नाही. दोन जादा फिल्टर, जाड हातमोजे आणि चिंध्या सोबत हव्यातच. कोकणात अर्धी रिकामी टाकी रात्रभर ठेवली तर आत दव धरतं, म्हणून सकाळी तळाचा ड्रेन उघडून वाटीभर तेल काढा.

परतीला कुंभार्ली घाटानं कराड गाठण्याआधी, चिपळूणला डिपस्टिक बघा. पातळी वाढलेली दिसली तर न जळलेलं तेल रिंगांवरून खाली उतरतंय. थेंब बोटांत चोळा. तार सुटली तर इंजिन ऑइल तिथंच बदला, कारण ते घट्ट होत गेलं की बेअरिंगपर्यंत वंगण पोचत नाही. एरवीही ऑइल कंपनीनं सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यावर बदलायचं.