रेफरलपासून ताटापर्यंत : सासऱ्यांच्या किडनीचं पथ्य

माझे सासरे, आबा, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. मधुमेह जुनाच. यंदा क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलं, रक्तातलं पोटॅशियम 5.6, म्हणजे जास्त आलं आणि डॉक्टरांनी गोळ्यांइतकाच जोर पथ्यावर दिला.

माजी सैनिकांसाठी 2003 पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे, त्यामुळे खर्चाचा घोर नव्हता. कार्ड घेऊन योजनेच्या दवाखान्यात, म्हणजे पॉलिक्लिनिकमध्ये जायचं, तिथले डॉक्टर रेफरल, म्हणजे पुढे पाठवण्याची चिठ्ठी देतात, मग यादीतल्या रुग्णालयात किडनीतज्ज्ञ. इथवर सुरळीत झालं. आहारतज्ज्ञांच्या दारात मात्र अडलं. रेफरलवर आहाराचा उल्लेख नाही म्हणून खिडकीवरूनच परत पाठवलं. पुन्हा पॉलिक्लिनिक गाठून 'आहार सल्ला' असं लिहून आणलं. नव्याने जाणाऱ्यांनी हे पहिल्याच भेटीत लिहून घ्यावं.

एवढं करून हाती आला तो छापील कागद : इडली, दलिया, सफरचंद. आबांनी तो वाचला आणि म्हणाले, "ह्यात भाकरी कुठं हाय?" प्रश्न रास्त होता. जे ताट त्यांच्यापुढे कधी येणारच नाही, त्याचं पथ्य ते पाळणार कसं? मी घरात आठवडाभर जे शिजतं ते सगळं वहीत लिहून आहारतज्ज्ञ मॅडमकडे नेलं. त्यांनी ओळ न् ओळ तपासली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

मीठ दिवसभरात एक लहान चमचा, म्हणजे साधारण 5 ग्रॅम, आणि लोणचं-पापड त्यातच धरायचं. 'लो सोडियम' मीठ घरातून काढून टाकलं, कारण त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. बटाटा साल काढून, बारीक चिरून कोमट पाण्यात भिजवायचा, नव्या पाण्यात उकळायचा आणि ते पाणी ओतून द्यायचं. गूळही बंद. कोल्हापूरच्या माणसाला गूळ साखरेसारखाच रक्तातली साखर वाढवतो हे पटवणं सोपं नाही. त्यात पोटॅशियमही साखरेपेक्षा जास्त.

खरी कसोटी रविवारच्या मटणाची. मटण शिजताना पोटॅशियम आणि फॉस्फरस रश्श्यात उतरतं, म्हणून आता मोजक्या फोडी आणि तांबडा रस्सा चवीपुरता. पांढऱ्यात नारळाचं दूध, काजू, खसखस, त्यामुळे तो थांबवला. आबांनी वाटी बाजूला सारली, बोलले काही नाहीत. मला फार वाईट वाटलं.

सगळ्यात अवघड गेले ते पाहुणे. आजाऱ्याला भेटायला येणारा शहाळं घेऊनच येतो आणि आबांना नेमकं तेच चालत नाही, कारण त्यात पोटॅशियम भरपूर. आता मी फोनवरच सांगते, "मामा, शहाळं नको, नुसते गप्पा मारायला या."

एड्सच्या साथीत, 1985 च्या सुमारास, अमेरिकेत रुग्णांना घरी जेवण पोचवणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. पुढे त्या आजारानुसार स्वयंपाक करू लागल्या. तेवढं नाही तरी आपल्या पॉलिक्लिनिकमध्ये निदान आठवड्यातून एक दिवस, इथलं जेवण माहीत असलेल्या आहारतज्ज्ञ बसाव्यात, असं मला मनापासून वाटतं. शिरोळ-कागलच्या खेड्यांतून येणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या निवृत्त जवानाला वही कोण लिहून देणार?

परवाच्या रिपोर्टात पोटॅशियम 4.9 आलं. पुढच्या भेटीसाठी वहीत एक प्रश्न लिहून ठेवलाय : जोतिबाच्या यात्रेला पुरणपोळी किती चालेल, अर्धी की नुसता घास?