कांदोळीच्या तळाचा काळा गाळ

गोव्यात कांदोळी किनाऱ्यासमोर समुद्रात जेमतेम 27 मीटर पाणी. पावसाळ्यात वर गोड्या पाण्याची साय धरते, खालून प्राणवायू कमी असलेलं थंड पाणी किनाऱ्याकडे सरकतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाचा प्राणवायू संपतो. मग जिवाणू श्वसनाला प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरतात, तेही सरलं की सल्फेट, आणि त्याचं सल्फाइड होतं. नमुन्याला सडक्या अंड्याचा वास आला की सल्फाइड झालंच समजा. ते लोहाला धरतं, गाळ काळा पडतो आणि लोहाला चिकटलेलं फॉस्फेट पाण्यात सुटतं. खेकडे आधी जातात. बारीक कृमी चिवट.

पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायच्या विंकलर पद्धतीत बाटलीत बुडबुडा राहिला तर आकडा फुगतो. मँगनीज आणि अल्कली-आयोडाइड घातल्यावर साका पांढराच राहिला, तर प्राणवायू नाही. सल्फाइड असेल तर मात्र ही पद्धत फसते: ज्या आयोडीनवरून प्राणवायू मोजायचा, ते आयोडीनच सल्फाइड खाऊन टाकतं.