शेवटचा खंड नसलेली वर्गणी

चाहत्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या प्लॅटफॉर्मवर क्रिएटर म्हणून खातं उघडताना कुणी फारसं काही विचारत नाही. नाव, ईमेल, बँकेचा तपशील, बरासा एक फोटो, आणि झाली मेंबरशिप सुरू. पडद्यावर रंगीत कपटेसुद्धा उडतात. तेच खातं बंद करायला गेलं की प्लॅटफॉर्मला एकदम आपला कळवळा येतो. ‘नक्की ना?’ ‘थोडी विश्रांती घेऊन बघता का?’ ‘तुमच्या सभासदांना तुमची उणीव भासेल.’ ज्याने आजवर माझ्या एकाही चित्राकडे ढुंकून पाहिलं नाही, तो सॉफ्टवेअरचा तुकडा माझी वाट अडवून गहिवरतो. एरवी त्याला मदतीसाठी ईमेल केला तर उत्तरादाखल तिकीट नंबर येतो, नुसता नंबर.

माझं पेज किड्यांचं होतं. महिन्याला एक किडा. त्याचं पेनाने काढलेलं मोठं चित्र आणि पान-दीड पान मजकूर. वर्गणीच्या तीन पायऱ्या होत्या, त्यांना मी हौसेने अळी, कोष आणि फुलपाखरू अशी नावं दिली होती. अळीला मजकूर, कोषाला मजकुराबरोबर छापण्याजोगं मोठं चित्र, आणि फुलपाखराला शिवाय हाताने रंगवलेलं एक कार्ड टपालाने. पुष्कळ लोक सुखाने अळीच राहिले. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. कार्ड रंगवताना मलाही कधी कधी वाटायचं की जगात फुलपाखरं जरा कमीच असलेली बरी.

बंद करायचं ठरवलं त्यात कुठलीही शोकांतिका नाही. जे किडे काढायचे होते ते काढून झाले. पण सेटिंग्जमध्ये सगळ्यात खाली, लाल अक्षरांतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं की आधी कारणांची यादी उघडते. उत्पन्न पुरेसं नाही. दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर जात आहे. शुल्क जास्त आहे. वापरायला अवघड वाटतं. इतर. ‘काम संपलं’ असा पर्यायच नाही. काम संपतं, माणूस हात धुतो आणि उठतो, ही शक्यता यादी करणाऱ्याच्या डोक्यातच आली नसावी. मी ‘इतर’वर टिचकी मारली. त्यापुढच्या चौकटीत ‘काम संपलं’ असं लिहिलं, तर ‘कृपया अधिक तपशील द्या’.

वर्गणीवर जगायची कल्पना काही इंटरनेटने काढलेली नाही. अलेक्झांडर पोप या इंग्रज कवीने होमरच्या इलियडचा, म्हणजे ट्रॉयच्या युद्धावरच्या ग्रीक महाकाव्याचा, अनुवाद केला तो असाच. 1715 ते 1720 या काळात सहा खंड, आणि सगळ्या संचाला सहा गिनी (तेव्हाची सोन्याची नाणी). पाचशेहून जास्त लोकांनी वर्गणी भरली. त्यांच्या नावांची यादी पुस्तकात छापली गेली, म्हणजे आजच्या व्हिडिओच्या शेवटी सरकत जाते तशी. पोपला त्यातून एवढा पैसा मिळाला की पुढे कुणा उमरावाच्या मेहेरबानीवर राहायची वेळ त्याच्यावर आली नाही. मला त्याचा हेवा वाटतो तो पैशाचा नव्हे (थोडा पैशाचाही), सहाव्या खंडाचा. सहावा खंड हाती पडला की देणं-घेणं फिटलं. वर्गणीदार मोकळा, कवी मोकळा. कुणाला लाल अक्षरांतलं बटण शोधत बसायला नको.

आजच्या पडद्यावरच्या वर्गणीचीही सुरुवात बरीचशी तशीच होती, हे आता विसरायला झालंय. जॅक कॉन्टे आणि सॅम याम यांनी 2013 मध्ये पेट्रिऑन हे चाहत्यांच्या वर्गणीचं संकेतस्थळ काढलं. कॉन्टे मूळचा संगीतकार. रोबो वगैरे घेऊन केलेल्या एका संगीत-व्हिडिओवर त्याने साठवलेले हजारो डॉलर घातले होते आणि जाहिरातींतून हाती येणार होती ती अगदीच चिल्लर. म्हणून त्याने थेट चाहत्यांपुढे हात पसरला. तेव्हाची कल्पना दर कामामागे पैसे अशी होती. नवा व्हिडिओ आला की ठरलेली रक्कम, व्हिडिओ नाही तर दमडी नाही. या रीतीत कलावंत थांबला की वर्गणी आपोआप थांबते. बंद करण्याचा समारंभ लागत नाही.

मग दरमहा वर्गणीची पद्धत रूढ झाली. त्यालाही कारण आहे. विजेचं बिल दर कामामागे येत नाही, दर महिन्याला येतं. मीही दरमहाच घेत होते (काहींनी वर्षाची एकदम भरली होती) आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तिची एक खोड आहे. दरमहा पद्धतीत न केलेल्या कामाचेही पैसे मिळतात. क्रिएटर आजारी पडला, कंटाळला, परदेशी गेला, नोकरीला लागला, तरी पहिल्या तारखेला सभासदाच्या कार्डावरून पैसे निघतात आणि कुणालाही त्याचा आवाज येत नाही. शेवटची पोस्ट वर्ष-दीड वर्षापूर्वीची आणि सभासदांचा आकडा अजून बऱ्यापैकी, अशी पेजं तुम्हीही पाहिली असतील. कदाचित त्यातल्या एखाद्याला पैसेही देत असाल. एकदा कार्डाचं स्टेटमेंट काढून बघा.

सभासदाला नको असेल तर तो जाईल की, असं क्रिएटर मंडळी एकमेकांना सांगतात. ते खरं नाही, आणि याचा पुरावा व्यायामशाळेत मिळाला आहे. स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके मालमेंडिए या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन जिमच्या सभासदांच्या नोंदी तपासल्या. त्यांचा निबंध 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. महिन्याला सत्तर डॉलरच्या वर भरणारे लोक महिन्यातून सरासरी चार-पाच वेळा जात होते. म्हणजे एका खेपेला सतरा डॉलर, आणि तिथेच दहा खेपांचा पास घेतला तर एक खेप दहा डॉलरला पडत होती. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त बोचली. शेवटचं जिमला जाणं आणि सभासदत्व रद्द करणं यांच्यामध्ये सरासरी दोनहून जास्त पूर्ण महिने गेले होते. जिथे आपलंच पोट आपल्याला रोज आठवण करून देतं, तिथे ही गत. माझ्या किड्यांची आठवण कोण करून देणार?

सभासद जागा होतो तो आकडा बदलला की. पेट्रिऑनने डिसेंबर 2017 मध्ये प्रत्येक वर्गणीवर 2.9 टक्के आणि वर 35 सेंट असं शुल्क थेट सभासदांवर टाकायचं जाहीर केलं. एक डॉलर देणाऱ्याला 1 डॉलर 38 सेंट पडणार होते. लोक भराभर वर्गण्या काढून घ्यायला लागले, गदारोळ झाला आणि आठवड्याभरात कंपनीने माफी मागून बेत गुंडाळला. अडतीस सेंटांनी जे झालं ते वर्षभराच्या शांततेने होत नाही.

आणि समजा सभासद जागा झाला, तरी सगळीकडे त्याला सुखाने जाऊ देतात असंही नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2023 मध्ये ॲमेझॉनवर प्राइम सभासदत्वावरून खटला भरला. रद्द करण्यासाठी चार पानं, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय पार करावे लागत होते, असं त्या तक्रारीत म्हटलं होतं. या वाटेला कंपनीतलं नाव काय होतं, तर इलियड! तेही लांबत जाणारं युद्धच. पोपच्या इलियडला सहा खंड, यांच्या इलियडला सहा क्लिक. सप्टेंबर 2025 मध्ये अडीच अब्ज डॉलरवर प्रकरण मिटलं. एवढ्या पैशात पोपने किती महाकाव्यं केली असती, याचा हिशेब मी केलेला नाही.

तेव्हा काम थांबलं की दुकान आवरायचं ते दुकानदारानेच. इथे प्लॅटफॉर्म मोठ्या मायेने पॉजचं बटण पुढे करतो. महिनाभर वर्गणी थांबवा, सभासद राहतील, परत याल तेव्हा सगळं जसंच्या तसं. आजारपणाला, बाळंतपणाला हे बटण खरोखर सोन्यासारखं आहे. पण परत यायचंच नसेल तर ते निव्वळ भिजत घोंगडं. सभासदाला वाटतं ही येणार आहे, आपल्याला वाटतं आपण कदाचित येऊही, आणि दोघंही एकमेकांच्या भिडेखातर कुणाचाच निरोप घेत नाहीत. मी पॉज केलं नाही. माझ्या ओळखीच्या एकीने केलंय, आणि ती आता दर महिन्याच्या अखेरीला पॉज वाढवायला लॉगिन करते. काम सोडून फक्त एवढंच काम तिच्याकडे राहिलंय.

बटण दाबण्यापेक्षा पत्र लिहायला कितीतरी वेळ लागला. ‘प्रिय सभासदांनो’ म्हणून सुरुवात केली की सोसायटीची नोटीस वाटते. ‘जड अंतःकरणाने कळवते’ लिहावं, तर अंतःकरण काही जड नव्हतं. कारणं द्यायला लागलं की ती खोटी वाटायला लागतात, आणि आभार फार मानले तर लोकांना वाटतं आता ही काहीतरी मागणार. शेवटी चारच ओळी ठेवल्या. किडे झाले. अमुक तारखेनंतर तुमच्या कार्डावरून काही कापलं जाणार नाही. जुनी चित्रं त्याआधी उतरवून घ्या, नंतर दिसणार नाहीत. वार्षिक वर्गणी भरलेल्यांना उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतील.

उत्तरं आली ती मुख्यतः ज्यांनी कधी अवाक्षर लिहिलं नव्हतं त्यांची. एका बाईंनी सगळे किडे छापून कपाटाच्या दारांना आतल्या बाजूने चिकटवले होते. बाहेरून नाही, घरच्यांना चालत नाही म्हणून. कपड्यांसाठी दार उघडलं की नाकतोडा. एका गृहस्थांनी सरळ कळवलं की मी तुमचे मेल उघडत नव्हतो, ते वेगळ्या फोल्डरमध्ये जायचे, पण तुमचं चालू राहावं म्हणून पैसे देत होतो. यावर काय लिहायचं? मी ‘मनःपूर्वक आभार’ लिहिलं आणि बराच वेळ त्याच मेलकडे बघत बसले. जो वाचत होता त्याचं आणि माझं खातं किड्यागणिक फिटत आलं होतं. न वाचणाऱ्याचं कशाने फेडायचं? एकाने एवढंच विचारलं, ‘ढेकूण राहिला की.’ ढेकूण मी जाणूनबुजून ठेवला नव्हता. कितीही कलाप्रेम असलं तरी काही मर्यादा असतात.

मग किरकोळ आवराआवर. आधी नवे सभासद घेणं बंद करायचं, नाहीतर निरोपाचं पत्र गेल्यावर एखादा उत्साहाने आत शिरतो. पावत्या आणि वर्षाचे हिशेब उतरवून घ्यायचे, कारण खातं गेलं तरी कर जात नाही. शिल्लक बँकेत वळती करायची, पण सगळी नाही. परतावे त्याच शिलकीतून जातात, हे कुठल्याशा मदतपानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. सभासदांची यादी फाइल म्हणून उतरवता येते, त्यात फुलपाखरांचे घरचे पत्तेही असतात. ती ठेवून दे, पुढे काही सुरू केलंस तर उपयोगी पडेल, असा सल्ला मिळाला. मी पुसून टाकली. त्या लोकांनी पत्ता कार्डासाठी दिला होता, माझ्या पुढच्या बेतांसाठी नव्हे. युरोपात जीडीपीआर या खासगी माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याच्या 17व्या कलमाने माणसाला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्कच 2018 पासून दिलाय. पण प्रत्येकाने हक्क बजावेपर्यंत थांबायलाच हवं असं कुठे आहे?

वार्षिकवाल्यांचे परतावे जवळजवळ सगळे गेले. अडलाय तो एकच, त्या मेल न उघडणाऱ्या गृहस्थांचा. त्यांचं कार्ड बदललंय, त्यामुळे रक्कम जाते आणि परत येते. त्यांना कळवलंय. ते मेल बहुधा त्याच फोल्डरमध्ये गेलं असावं.